अमिगा ५०० मध्ये पीसीचा फ्लॉपी ड्राइव्ह: डिस्क बदललेली कळत नाही, गेम मध्येच अडकतो

लक्षणं ठरलेली असतात. अमिगा ५०० म्हणजे कमोडोर कंपनीचा जुना घरगुती संगणक. त्याचा मूळ ड्राइव्ह गेला म्हणून पीसीतला साडेतीन इंची ड्राइव्ह काढून बसवला. मशीन चालू केलं, वर्कबेंच (अमिगाचा आयकॉनचा पडदा) आलं, आयकॉन दिसले, झालं काम असं वाटलं. मग दुसरी डिस्क घातली, तर खिडकीत पहिल्याच डिस्कच्या फायली. किंवा गेम दुसरी डिस्क मागतो, आपण घालतो, तरी तो मागतच राहतो. नाहीतर वर्कबेंच एकदम व्यवस्थित, पण काही ठरावीक गेम सुरुवातीलाच काळ्या पडद्यावर थांबतात. ड्राइव्हचा दिवा पेटलेला, मोटर फिरतेय, पुढे काही नाही.

इथे बहुतेक जण हेड पुसतात, डिस्का बदलून बघतात, शेवटी दुसरा ड्राइव्ह आणतात. दुसऱ्या ड्राइव्हवरही तेच. कारण ड्राइव्हला काही झालेलंच नसतं. ३४ पिनांच्या केबलमध्ये पिन २ आणि पिन ३४ या दोन जागी अमिगाला जे सिग्नल हवे असतात ते पीसीचा ड्राइव्ह देत नाही. एक चुकीच्या पिनवर देतो, दुसरा बहुधा देतच नाही. वरच्या सगळ्या तक्रारी या दोन तारांपाशी येऊन थांबतात.

मूळ ड्राइव्ह शोधत बसावं का? मिळाला तर जरूर घ्या. पण आपल्याकडे घरगुती संगणक म्हणजे मुख्यतः स्पेक्ट्रम, पुण्याच्या डेसिबेल्सने परवाना घेऊन बनवलेला, आणि तो कॅसेटवर चालायचा. त्यामुळे जुन्या बाजारात किंवा लॅमिंग्टन रोडवर अमिगाच्या चिनॉन किंवा पॅनासॉनिक ड्राइव्हची आशा धरण्यात अर्थ नाही. पीसीचे टीअॅक, सोनी, सॅमसंग, पॅनासॉनिक मात्र अजून भंगारात निघतात. तेव्हा पीसीचाच ड्राइव्ह नीट जोडायला शिकलेलं बरं.

कोणती तार कुठे

दोन्हीकडचा कनेक्टर एकसारखा दिसतो. विषम क्रमांकाच्या पिना ग्राउंड, सम क्रमांकाच्या कामाच्या. १८ वर दिशा, २० वर स्टेप, २६ वर ट्रॅक शून्य, २८ वर राइट प्रोटेक्ट, ३० वर वाचलेला डेटा, ३२ वर बाजू. १६ वर मोटर. इथपर्यंत सगळं जुळतं, म्हणून तर ड्राइव्ह एकदा निवडला गेला की वर्कबेंच येतं.

फरक तीन ठिकाणी. पहिला, ड्राइव्ह सिलेक्ट. अमिगा आतल्या ड्राइव्हला पिन १० वरून हाक मारतो. पीसीचे ड्राइव्ह कारखान्यातून पिन १२ वर ऐकायला लावलेले असतात, कारण पीसीच्या केबलला पीळ असतो आणि त्यातच ए आणि बी ठरतात. दुसरा फरक पिन २ चा. अमिगाला तिथे 'डिस्क चेंज' हवा. पीसीत ती पिन घनतेसाठी, म्हणजे डिस्क साधी (डीडी) की जास्त क्षमतेची (एचडी) हे ठरवण्यासाठी, राखलेली आहे. काही ड्राइव्ह तिथून 'ही एचडी डिस्क आहे' असं उलट सांगतातही. तिसरा, पिन ३४. अमिगाला तिथे 'रेडी' हवा, म्हणजे मोटरने वेग घेतला, आता वाचा. पीसीचा ड्राइव्ह मात्र त्याच पिनवर डिस्क चेंज देतो.

म्हणजे केबल सरळ जोडली की डिस्क बदलल्याची बातमी रेडीच्या तारेवर जाते, आणि डिस्क चेंजच्या तारेवर एक तर काहीच नसतं, नाहीतर घनतेचा सिग्नल असतो.

अटारी एसटीवाल्यांचा सल्ला इथे लावू नका. ते सांगतील की सिलेक्ट पिन बदलली की झालं, आणि त्यांच्या मशीनसाठी ते खरंही आहे. एसटी डिस्क बदलल्याचं राइट प्रोटेक्टच्या तारेवरून ओळखतो; त्याला २ आणि ३४ लागत नाहीत. अमिगाला दोन्ही लागतात.

आधी कान द्या

मल्टिमीटर काढण्याआधी ड्राइव्ह रिकामा ठेवून मशीन चालू करा आणि ऐका. अमिगाची ती कुप्रसिद्ध टिकटिक, दर दोन-तीन सेकंदांनी येणारी, हा दोष नाही. डिस्क बाहेर काढली की ड्राइव्ह चेंजची तार खाली, म्हणजे शून्य व्होल्टकडे, ओढून धरतो. ती पुन्हा वर यायला दोन गोष्टी लागतात: डिस्क आत असायला हवी आणि हेडला स्टेपचा एक धक्का मिळायला हवा. म्हणून अमिगा अधूनमधून हेड एक पाऊल हलवून बघतो, आली का डिस्क? तीच टिकटिक.

यावरून निदान निम्मं होतं. रिकामा ड्राइव्ह टिकटिकत नसेल तर अमिगाच्या लेखी आत कायम डिस्क आहे. चेंजची तार त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मदरबोर्डवरचा पुल-अप, म्हणजे ५ व्होल्टला जोडलेला रोध, ती वर धरून ठेवतो. डिस्क घातल्यावरही टिकटिक थांबत नसेल आणि किकस्टार्टचा (अमिगाच्या रॉममधल्या प्रोग्रॅमचा) डिस्क मागणारा हात पडद्यावरून हलत नसेल तर उलट प्रकार: तार कुठेतरी खाली अडकली आहे. बहुतेक वेळा ड्राइव्हची स्वतःची पिन २ अजून जोडलेली असते आणि घनतेचा सिग्नल तिला खाली ओढत असतो.

दिवा सतत पेटलेला आणि मोटर चालू केल्यापासून फिरतेय, तर केबल उलटी बसलीय. विषम पिना ग्राउंड असल्यामुळे उलट्या केबलमध्ये सगळे सिग्नल एकदम खाली जातात. घाबरू नका, वीज बंद करून सरळ करा. मोटर फिरते पण दिवा नाही, हेड हलत नाही, तर पीसीची पिळाची केबल वापरली आहे. आणि काहीच होत नसेल, अगदी एकही हालचाल नाही, तर सिलेक्ट अजून १२ वरच आहे.

एक ताकीद. मशीन चालू असताना ड्राइव्हची केबल काढू-घालू नका. हे सिग्नल थेट ८५२० या चिपांपर्यंत जातात, आणि त्या अशा खेळात जळतात. त्या चिपा आता ड्राइव्हपेक्षा महाग पडतात.

डिस्क चेंज न कळणं हे नुसतं गैरसोयीचं नाही

हा मुद्दा लोक हलक्यात घेतात. 'मी एकच डिस्क वापरतो, चालतंय की' म्हणतात. पण अमिगाडॉस, म्हणजे अमिगाची डिस्क सांभाळणारी प्रणाली, डिस्कचा नकाशा, म्हणजे कुठला ब्लॉक भरलेला आणि कुठला मोकळा, मेमरीत ठेवतं. एका डीडी डिस्कवर ८० ट्रॅक, दोन बाजू, दर ट्रॅकला ११ सेक्टर, मिळून ८८० किलोबाइट. आणि मूळ ब्लॉक बरोबर मध्यावर, क्रमांक ८८० ला. डिस्क बदलल्याचं कळलं नाही तर पहिल्या डिस्कचा नकाशा खरा मानून दुसरीवर लिहिलं जातं. दुसऱ्या डिस्कच्या भरलेल्या ब्लॉकवर नवी फाइल, वर जुन्याच डिस्कची यादी. ती डिस्क गेली. म्हणून चेंजची तार जुळेपर्यंत प्रत्येक डिस्कची राइट प्रोटेक्टची खिडकी उघडी ठेवा. खिडकी उघडी म्हणजे लिहायला बंदी. हे सव्वापाच इंची डिस्कच्या सवयीने उलटं लक्षात राहतं, म्हणून सांगितलं.

दुरुस्ती अशी. केबलमधली १० ची तार ड्राइव्हच्या टोकाला १२ वर न्या, आणि अमिगाकडून येणारी १२ ची तार कापून टोक झाका. पुष्कळ ड्राइव्हवर यासाठी सोल्डरचे ठिपके असतात, डीएस०/डीएस१ किंवा डी०/डी१ अशी खूण असलेले. सॅमसंगचा एसएफडी-३२१बी याचसाठी लोकांचा लाडका आहे. ठिपके असतील तर केबल कापायची गरज नाही. पण बारीक ठिपक्यांवर हात बसलेला नसेल तर केबलच कापा. केबल पुन्हा मिळते.

मग २ आणि ३४. ड्राइव्हच्या पिन ३४ ला जाणारी तार कापा आणि ड्राइव्हकडचं टोक अमिगाकडच्या २ च्या तारेला जोडा. ड्राइव्हची पिन २ पूर्णपणे सुटी करा. हे पाऊल विसरलं की वर सांगितलेली न थांबणारी टिकटिक सुरू होते. आता अमिगाकडची ३४ ची तार मोकळी राहिली. ती रेडीची.

इथवर आलात की वर्कबेंच पूर्ण बरोबर चालतं. डिस्क बदलली की आयकॉन बदलतो, टिकटिक थांबते. वर्कबेंचमध्येच काम करणार असाल तर इथे थांबलात तरी चालेल.

रेडी, आणि त्याला ग्राउंड करण्याची घाई

अमिगाची स्वतःची डिस्क यंत्रणा रेडीची वाट बघत नाही. मोटर चालू केल्यावर थोडा वेळ थांबते, मग वाचायला लागते. पण बरेच गेम ती यंत्रणा बाजूला सारून थेट हार्डवेअरशी बोलतात, आणि त्यातले काही रेडी खाली येईपर्यंत एका चक्रात फिरत राहतात. तार मोकळी असेल तर रेडी कधीच येत नाही. काळा पडदा तो हाच.

ही गफलत घरच्या दुरुस्तीपुरती नव्हती. १९९४ मध्ये कमोडोर बुडाल्यावर १९९५ मध्ये जर्मनीच्या एस्कॉमने अमिगा विकत घेतला आणि अमिगा १२०० हे मॉडेल पुन्हा बाजारात आणलं. त्यातल्या मशीनमध्ये पीसीच्या जातीचे ड्राइव्ह होते आणि रेडीचा सिग्नल नव्हता. कोरं मशीन, खोक्यातून काढलेलं, आणि जुने गेम चालेनात. तुमच्याकडे एस्कॉमच्या काळातला १२०० असेल आणि कोणी ड्राइव्हला हातही लावलेला नसेल, तरी हेच तपासा.

यावर सगळीकडे मिळणारा उपाय म्हणजे ३४ ची तार सरळ ग्राउंडला जोडणं. गेम चालतात, लोक खूश. मला तो उपाय पटत नाही, कारण ही तार एकट्या आतल्या ड्राइव्हची नाही. बाहेर जोडलेले ड्राइव्हही तीच वापरतात, आणि मोटर बंद असताना याच तारेवरून प्रत्येक बाहेरचा ड्राइव्ह आपली ओळख ३२ बिटांत सांगतो. साध्या साडेतीन इंची ड्राइव्हची ओळख म्हणजे सगळे एक, आणि इथे तार खाली म्हणजे एक. आता तारच कायम खाली बांधली तर अमिगाला जिथे काहीच जोडलेलं नाही तिथेही ड्राइव्ह असल्याचं वाटतं. नसलेल्या ड्राइव्हसाठी तो मेमरी राखून ठेवतो, आणि ५१२ किलोबाइटच्या मशीनवर त्यामुळेच एखादा गेम मेमरी कमी म्हणून चालेनासा होतो. एक दुखणं घालवायला दुसरं आणलं.

त्याऐवजी रेडीची तार फक्त आतला ड्राइव्ह निवडलेला असतानाच खाली जाईल असं करा. एक डायोड पुरतो. ऋण टोक, म्हणजे पट्टी असलेली बाजू, सिलेक्टच्या तारेला, अमिगाकडच्या १० ला. धन टोक ३४ ला. सिलेक्ट खाली गेला की रेडी त्याच्यामागे खाली; सिलेक्ट वर, रेडी मोकळा. बाहेरचे ड्राइव्ह आपापली ओळख बिनधास्त सांगू शकतात.

डायोड शॉट्की घ्या, १एन५८१९ सारखा. हाताशी असतो तो १एन४१४८ घालू नका. त्यावर जवळपास ०.७ व्होल्ट पडतात, सिलेक्टची तार स्वतः पूर्ण शून्यावर येत नाही, आणि बेरीज ०.८ व्होल्टच्या वर गेली की समोरची चिप त्याला 'खाली' मानायला बांधील नसते. एका मशीनवर चालतं, दुसऱ्यावर नाही, आणि मग माणूस गेमच्या डिस्कवर संशय घेत बसतो. शॉट्कीवर ०.३ च्या आसपासच पडतात.

डायोडची एक उणीव आहे. मोटर बंद असतानाही, नुसतं निवडलं तरी तो 'तयार' सांगतो. बहुतेक गेमना याचं काही वाटत नाही. वेग येण्याआधी वाचलं तर चूक येते, ते पुन्हा वाचतात. काटेकोर कॉपी प्रोग्रॅम आणि थोडे गेम अडतात. त्यांच्यासाठी ७४एचसी३२ मधलं एक ऑर गेट घ्या. एका इनपुटला सिलेक्ट, दुसऱ्याला मोटर, आउटपुटमधून तोच शॉट्की डायोड, पट्टी गेटच्या बाजूला. दोन्ही तारा खाली असतील तरच आउटपुट खाली येतं. उरलेल्या तीन गेटांची इनपुट ग्राउंड करा, हवेत सोडू नका.

आणि हे सगळं करण्याआधी ड्राइव्हचा बोर्ड नीट बघा. जुन्या टीअॅक एफडी-२३५एचएफ वर आरवाय (रेडी) आणि डीसी (डिस्क चेंज) असे जंपर असतात. असा ड्राइव्ह मिळाला तर ३४ वर खरा रेडी निघतो, मोटरने वेग घेतल्यावरच येणारा. मात्र तेव्हा डिस्क चेंज पिन २ वर मिळतो का ते पाहावं लागतं.

टेबलावर तपासणी

ड्राइव्ह अमिगाला लावण्याआधी एकटा तपासता येतो, आणि ही पायरी मी कुणालाही वगळू देणार नाही. ५ व्होल्टचा साधा पुरवठा द्या. अलीकडच्या पीसी ड्राइव्हना १२ लागत नाहीत, पण लेबल वाचा. पिन ३४ आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये १ किलोओहमचा रोध लावा. या पिना फक्त खाली ओढतात, वर ढकलत नाहीत, त्यामुळे रोध नसेल तर मीटर काहीही दाखवतो.

आता सिलेक्टची पिन ग्राउंडला जोडा. दिवा पेटला पाहिजे. १० जोडल्यावर पेटला की १२, यावरून ड्राइव्ह कुठे ऐकतो ते कळलं. डिस्क नसताना ३४ वर जवळपास शून्य व्होल्ट. डिस्क घाला, अजून शून्यच. मग एका तारेने पिन २० क्षणभर ग्राउंडला टेकवा, हेड टक् करून हलेल, आणि ३४ वर ५ व्होल्ट दिसतील. डिस्क काढा, पुन्हा शून्य. असं झालं तर हा ड्राइव्ह अमिगाच्या कामाचा आहे.

हेच पिन २ वरही करून बघा. डीडी आणि एचडी डिस्क घालताना व्होल्टेज बदलत असेल तर तो ड्राइव्ह तिथे घनता सांगतोय. ती तार कापायचीच. पिन १६ ग्राउंडला टेकवली की मोटर फिरते, तेही पाहून घ्या.

जोडल्यानंतर मशीनवर तपासायला अमिगा टेस्ट किट हा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात ड्राइव्हच्या सिग्नलची स्थिती पडद्यावर दिसते, डिस्क आत-बाहेर करताना चेंज आणि रेडी कसे हलतात ते डोळ्यांनी बघता येतं.

सगळं बरोबर, तरी एखादी तक्रार

टिकटिक बंद करणारा प्रोग्रॅम चालू केल्यावर डिस्क कळेनाशी झाली, तर जोडणी उस्कटू नका. हे प्रोग्रॅम हेड ट्रॅक शून्यावर असताना त्याला आणखी बाहेर जायची आज्ञा देतात, म्हणजे हेड हलत नाही पण स्टेपचा धक्का मोजला जातो. काही ड्राइव्ह असा धक्का मानतच नाहीत, त्यामुळे त्यांची चेंजची तार वर येत नाही. अशा ड्राइव्हवर टिकटिक सहन करा.

वाचताना चुका येत असतील तर डिस्क कुठली आहे ते बघा. एचडी डिस्कच्या भोकावर चिकटपट्टी लावून तिला डीडी म्हणून वापरणं चालतं, पण किती दिवस याचा नेम नाही. साडेतीन इंचीत दोन्हींच्या चुंबकीय थराचा फरक कमी असल्यामुळे हे निभावतं; सव्वापाच इंचीत तो ३०० आणि ६०० ओर्स्टेड असा दुपटीचा असल्याने ते तिथे मुळीच जमत नाही. पट्टी लावायची तर फॉरमॅट करण्याआधी लावा आणि नंतर काढू नका, नाहीतर ड्राइव्ह त्याच डिस्कला एचडी समजून वाचायला जाईल.

गोटेक, म्हणजे फ्लॉपीऐवजी यूएसबी पेनड्राइव्ह घेणारा ड्राइव्ह, लावला असेल तर कात्री-सोल्डर काहीच नको. फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअरच्या एफएफ.सीएफजी फाइलमध्ये इंटरफेस 'अमिगा' असा ठेवा, जंपर एस० वर. तिथेही 'डिस्क बदललेली कळत नाही' ही तक्रार येते, आणि बहुतेक वेळा इंटरफेस पीसीचा राहिलेला असतो.

हाच ड्राइव्ह बाहेरचा म्हणून डबीत घालायचा बेत असेल तर वरची जोडणी पुरणार नाही. आतल्या ड्राइव्हची मोटर चालू ठेवायचं काम ५०० मध्ये मदरबोर्डवरची गॅरी चिप करते. बाहेरच्या ड्राइव्हला ते स्वतःच करावं लागतं: सिलेक्ट खाली येताना मोटरची तार काय म्हणते ते लक्षात ठेवायला एक ७४एलएस७४ (फ्लिप-फ्लॉप चिप) लागतो, आणि शिवाय मोटर बंद असताना ओळख सांगायची सोयही करावी लागते. जुना बंद पडलेला अमिगाचा बाहेरचा ड्राइव्ह मिळाला तर त्याच्या डबीतला छोटा बोर्ड जपून ठेवा. यंत्रणा बदलता येते, बोर्ड तोच वापरता येतो.

राहिलं बटण. पीसी ड्राइव्हचं पुढचं तोंड काढावंच लागतं, आणि डिस्क बाहेर काढायचं बटण ५०० च्या भोकाशी जुळत नाही. मूळ ड्राइव्हचं बटण कापून नव्याच्या दांडीवर दोन भागांच्या इपॉक्सीने चिकटवा, आणि इपॉक्सी वाळेपर्यंत डिस्क घालू नका.